पाण्यात पाऊल टाकले त्याची गोष्ट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भजनात टाळ धरणे आणि हळदीकुंकवाला पानसुपारी वाटणे एवढीच माझी या मंडळातली कामगिरी. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "समुद्रात उडी मारायला भ्याला नाहीत आणि आमच्यापुढे बोलायला भिता?" त्यावर मला उत्तर सुचेना. म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर पदरात घ्यावे.

गेल्या २८ डिसेंबरला, म्हणजे २०२५ सालच्या शेवटच्या रविवारी, मी एका शर्यतीत भाग घेतला हे आपणां सर्वांना ठाऊक आहेच. काही जणींनी मला हार घातला. काही जणींनी पाठीमागे, "या वयात हे काय सुचले हिला? अंगावर कपडे तरी धड होते का?" असेही म्हटले. माझा कोणावर राग नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणी हे केले असते तर कदाचित मीही तसेच म्हटले असते. कपड्यांविषयी एकदाच सांगून टाकते: मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख मिळतो, तोच मी घातला होता. पोहून झाल्यावर त्यावरच सायकल चालवायची आणि त्यावरच धावायचे, कारण बदलायला वेळ कोणाला असतो!

या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे, ही तिन्ही कामे एकामागून एक, मध्ये विसावा न घेता. आम्हां गृहिणींना त्यात नवल ते काय? एका शेगडीवर भात, दुसरीवर आमटी आणि दारात दूधवाला, ही आमची रोजचीच शर्यत. मी जी केली ती लहान जातीची. साडेसातशे मीटर समुद्रात पोहणे, वीस किलोमीटर सायकल आणि पाच किलोमीटर धावणे. ऑलिंपिकमध्ये हिच्या दुप्पट असते. तिथे हा खेळ पहिल्यांदा २००० साली सिडनीला आला. आपल्या शेजारी गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर, २०१९ सालच्या ऑक्टोबरात अर्ध्या आयर्नमॅनची शर्यत झाली. तीत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते, आणि हे सारे साडेआठ तासांच्या आत. माझी शर्यत त्यापुढे म्हणजे पंगतीतले मीठ. पण मीठ वाढल्याशिवाय पान पुरे होत नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

आता मूळ गोष्ट सांगते. ती सांगावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. माझ्या मुलीनेदेखील ती परवापरवापर्यंत ऐकली नव्हती.

माझे माहेर कालावल खाडीच्या काठचे. ओहोटीला पाणी उतरले की खाडीच्या मधोमध वाळूची पुळण उघडी पडते. बायका आणि मुली पाट्या घेऊन तिथे मुळे काढायला जात. वाळू हाताने उकरायची, मुळे वेचायचे आणि भरती लागायच्या आत परत फिरायचे. १९९४ सालच्या मार्चमध्ये एका दुपारी आम्ही अशाच गेलो होतो. मी तेरा वर्षांची, आणि माझी चुलत बहीण पंधरा वर्षांची. तिला मी ताई म्हणत असे. भरतीची एक खोड असते, ती खाडीकाठच्या सर्वांना ठाऊक आहे, पण शहरातून आलेल्या सुनांसाठी सांगते. पाणी पुळणीवर आधी चढत नाही. पुळण आणि काठ यांच्यामधली जी खोल वाट असते ती आधी भरते. पायाखाली कोरडी वाळू असते, म्हणून माणूस निर्धास्त राहतो, आणि मागे परतीची वाट केव्हाच बुडालेली असते.

आम्ही सगळ्या काठाला लागलो. ताई आपली पाटी विसरली म्हणून परत गेली. येताना त्या वाटेत तिचे पाय टेकेनात. मी काठावर उभी होते. आमच्यामध्ये अंतर होते चाळीस हातांचे, फार तर पन्नास. तिला पोहता येत नव्हते, मलाही येत नव्हते, आणि आमच्याबरोबरच्या एकाही बाईला येत नव्हते. आमच्या वाडीतली त्याच वयाची मुले त्याच पाण्यात रोज डुंबत. पण त्या वेळी ती शाळेत होती. मी ओरडत राहिले. होडी येईतो उशीर झाला होता.

त्याच वर्षी मी सातवी पास झाले. पुढची शाळा खाडीपलीकडे, होडीने जावे लागे. आई म्हणाली, "होडीत बसूक देवचंय नाय." ती चुकली असे मी म्हणत नाही. डोळ्यांदेखत पुतणी गेलेल्या बाईने दुसरे काय म्हणावे? पण माझे शिक्षण तिथेच थांबले. लोक विचारतात, सातवीतच शाळा का सोडली? गरिबी होती असे मी सांगत आले. गरिबी होतीच, पण खरे कारण ते नव्हे. खरे कारण ते चाळीस हात पाणी.

त्यानंतर तीस वर्षे मी समुद्राकाठी राहिले, पण घोट्यापलीकडे पाण्यात गेले नाही. लग्न झाले, तेही किनाऱ्यावरच्याच गावात. यजमान एस.टी.त. मुलगी मोठी झाली. २०२४ सालच्या सुरुवातीला ती एक दिवस म्हणाली, "आई, मी पोहायला शिकू? तलावावर मुलींची वेगळी वेळ आहे." आणि माझ्या तोंडून आपसूक शब्द निघाले, "मुलीच्या जातीला पोहता येऊन काय करायचे आहे?" बोलले मात्र आणि माझी मीच दचकले. हे वाक्य माझे नव्हते. लहानपणी आम्ही मुलांच्या मागे पाण्यात उतरू लागलो की आई हेच म्हणे, "चेडवाक पोवाक येवन काय करूचा आसा?" ताईच्या आईनेही तिला हेच सांगितले असणार. मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मुलीला म्हटले, "जा. आणि मीही येते."

भगिनींनो, त्रेचाळिसाव्या वर्षी पाण्यात उतरणे म्हणजे काय ते उतरल्याशिवाय कळणार नाही. पहिले आठ दिवस मी काठाची लोखंडी दांडी सोडली नाही. लहान लहान मुली माझ्या बाजूने माशासारख्या जात आणि मी आपली दांडीला धरून, जत्रेत हरवलेल्या पोरासारखी. शिकवणाऱ्या बाई फार सोशिक. त्यांनी हातपाय मारणे शिकविलेच नाही आधी. त्यांनी शिकविले श्वास सोडणे. तोंड पाण्यात घालायचे आणि फूं करून हवा सोडायची, चुलीवर फुंकर घालतो तशी. मला वाटत असे की बुडणारा माणूस श्वास घेता येत नाही म्हणून घाबरतो. बाई म्हणाल्या, "नवशिक्या श्वास कोंडून धरतो, सोडत नाही, म्हणून त्याला नवा घेता येत नाही." पोहण्याचे अर्धे शास्त्र एवढेच. आणि दुसरे अर्धे म्हणजे मान वर न काढणे. मान वर काढली की पाय खाली जातात. डोके पाण्याच्या स्वाधीन केले की अंग आपोआप वर येते. तीस वर्षे ज्याला वैरी समजले त्याच्या स्वाधीन डोके करायचे! मला ते जमायला दोन महिने लागले.

तलावातून समुद्रात आणले ते आमच्या शेजारच्या तात्यांनी. त्यांचा सारा जन्म गलबतावर आणि होडीवर गेला. त्यांनी मला पाण्यात नेण्याआधी पुळणीवर बसवून पाणी वाचायला शिकविले. तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी होण्याची वेळ अदमासे मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाण्याला जोर. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी मवाळ. लाटा सगळीकडे फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत दिसला तर तिथे कधी उतरू नये. किनाऱ्यावर आलेले पाणी तिथूनच आत परत जात असते आणि माणसालाही ओढून नेते. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे धडपडू नये, त्यात दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरावे, ओढ सुटते, मग लाटेबरोबर बाहेर यावे. हे मी आज मुद्दाम सांगते आहे. घरोघरच्या मुलांना आणि सुटीत येणाऱ्या पाहुण्यांना हे सांगा.

शर्यतीचे खूळ मुलीचे. आयोजकांनी दिवस निवडला होता तो पौष शुद्ध अष्टमीचा, म्हणजे भांगेचा, हे पाहून तात्या म्हणाले, "शहाणी माणसे दिसतात, जा." यजमान काही बोलले नाहीत. पण रात्री मुलीची जुनी सायकल अंगणात उलटी करून तिला तेल घालीत बसले, त्यावरून मी काय ते समजले.

सकाळी सात वाजता शिट्टी झाली. आम्ही बायका अकरा जणी होतो, आणि त्यांत सर्वांत वयस्क मी. पिवळे बोये तीन, त्यांना वळसा घालून परत किनाऱ्यावर यायचे. पहिल्या बोयापर्यंत ठीक गेले. पण समुद्रात तलावासारखी तळाला आखलेली रेघ नसते. दहा-बारा हात मारले की मान किंचित वर काढून बोया कुठे आहे ते पाहावे लागते. दुसऱ्या बोयाकडे जाताना मी मान वर काढली आणि नेमकी लाट तोंडावर आली. खारे पाणी घशात गेले. ठसका लागला. पाय खाली सोडले, खाली काही नाही. आणि त्या क्षणी मला ताई दिसली असे मी म्हणणार नाही, दिसले ते मीच, काठावर उभी राहून ओरडणारी तेरा वर्षांची मुलगी.

जवळच एक लहान होडी होती, तीत जीवरक्षक मुलगा. "मावशी, धरा होडीला," तो म्हणाला. नियम असा आहे की होडीला धरून दम घेता येतो, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचे नाही. मी धरले. त्याने विचारले, "बाहेर नेऊ?" मी काही वेळ बोललेच नाही. फूं करून सगळा श्वास सोडला, पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. मग म्हटले, "नको रे बाबा. किती उरले?" तो म्हणाला, "अर्धे." मी होडी सोडली. भगिनींनो, त्या दिवशी मी शर्यत केली ती एवढीच, होडीवरचा हात काढण्याची. बाकी सायकल आणि धावणे म्हणजे नुसती हमाली.

पाण्यातून बाहेर आले तेव्हा एकतीस मिनिटे झाली होती आणि माझ्यामागे कोणीही नव्हते. पाय वाळूवर टेकले तरी जमीन हलते आहे असे वाटत होते. सायकलीशी गेले तर गडबडीत आधी सायकलच ओढू लागले. पंच ओरडले, "बाई, आधी शिरस्त्राण!" डोक्याचा पट्टा लावल्याशिवाय सायकलीला हातही लावायचा नाही असा नियम आहे. सातव्या किलोमीटरला चढावावर साखळी उतरली. ती हातानेच चढविली. काळे हात कपाळाला लागले, तेव्हा फोटोत जे कुंकवासारखे दिसते ते कुंकू नव्हे, वंगण आहे. सायकलला एक तास बारा मिनिटे लागली. धावण्याच्या वेळी पाय माझे नव्हतेच. थोडे धावणे, थोडे चालणे, असे अठ्ठेचाळीस मिनिटांत ते पाच किलोमीटर झाले. मधल्या धांदलीची नऊ मिनिटे धरून सगळे मिळून दोन तास चाळीस मिनिटे. मुदत तीन तासांची होती. मी सर्वांत शेवटची आले. मांडवाच्या खुर्च्या एकावर एक रचायला सुरुवात झाली होती.

तिथे मुलगी होती, यजमान होते, तात्या होते. आणि माझी आई होती. सत्तरी उलटलेली. तिला मी मुद्दाम काही कळविले नव्हते. मुलीने कळविले होते. नंतर समजले की सात वाजल्यापासून ती पाण्याच्या कडेला उभी होती आणि मी होडीला धरले तेव्हा ती लुगडे भिजवीत गुडघाभर पाण्यात शिरली होती. १९९४ पासून तिने समुद्राला पाय लावला नव्हता. मला वाटले आता रागे भरणार. तिने पदराने माझे तोंड पुसले आणि एवढेच विचारले, "पाणी थंड होता काय गो?" मी म्हटले, "नाय गे आये. बरा होता." आम्ही दोघी त्यावर पुढे काही बोललो नाही.

घरी आल्यावर मुलीने मला या खेळातल्या बायकांच्या गोष्टी वाचून दाखविल्या. १९७८ साली हवाई बेटांवर जी पहिली आयर्नमॅन शर्यत झाली, तीत पंधरा जण उतरले आणि बारा जण पुरी करून आले, पण त्यांत एकही बाई नव्हती. दुसऱ्याच वर्षी लिन लेमेअर नावाची एक बाई उतरली आणि सगळ्या पुरुषांत मिळून पाचवी आली. १९८२ साली ज्युली मॉस नावाची विद्यार्थिनी पहिली येत असताना शेवटच्या काही पावलांवर कोसळली. दुसरी मुलगी पुढे निघून गेली, तरी ही रांगत रांगत गेली आणि शर्यत पुरी केली. तेवढ्या दूर तरी कशाला जावे? आपल्या आरती साहा, कलकत्त्याच्या, १९५९ साली एकोणीस वर्षांच्या असताना इंग्लंडची खाडी पोहून गेल्या. आशियातली पहिली बाई. ऑगस्टात त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता. सप्टेंबरच्या २९ तारखेला त्या पुन्हा उतरल्या आणि सोळा तासांहून अधिक पोहून पलीकडे गेल्या. पुढच्या वर्षी सरकारने त्यांना पद्मश्री दिली. आपल्या देशातली एक मुलगी परक्या खाडीतून पार झाली त्याला सहा तपांच्या जवळ काळ लोटत आला, आणि आपल्या खाडीकाठच्या मुलींना अजून चाळीस हात पाणी ओलांडता येत नाही.

म्हणून शेवटी एक मागणे मागते. शर्यतीचे कौतुक पुरे झाले. आपल्या मंडळात मी मनाशी मोजले, ज्यांची घरे पाण्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत अशा चाळीस जणी निघतात. त्यांपैकी पोहता येते तिघींना. आपल्या मुलांना येते, मुलींना येत नाही. जगात २०२१ या एका वर्षात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती काही सगळी खोल समुद्रात गेली नाहीत. घरच्या विहिरीत, तळ्यात, खाडीत, ओळखीच्या पाण्यातच पुष्कळ जण जातात.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाणासाठी साडेसात हजार रुपये खर्च केले. स्टीलच्या वाट्या होत्या. माझ्या घरी अशा वाट्या आता चोवीस झाल्या आहेत, तुमच्याकडेही असतील. पुढच्या वर्षी वाण म्हणून प्रत्येक घरच्या एका मुलीला पोहणे द्यावे. तलावावर मुलींची वेगळी वेळ आहे. शिकवणाऱ्या बाई यायला कबूल आहेत. ने-आण करण्याचे काम माझ्याकडे लागले. आणि ज्या आयांना मुलीला एकटीने पाठवायचा धीर होत नसेल त्यांनी बरोबर यावे, दांडीला धरून उभ्या राहाव्यात. ती दांडी कशी धरायची ते मी शिकवीन, आणि ती केव्हा सोडायची तेही.

काही जणी म्हणतील, मुलींना पोहायला आले तर त्या पाण्यात जातील. जातील. पण भगिनींनो, मुळे काढायला, पाणी भरायला, कपडे धुवायला, होडीने शाळेला त्या आजही पाण्यातच जातात. फरक एवढाच की परत येणे त्यांच्या हातात नसते.

हा ठराव आजच्या सभेपुढे मी मांडते आहे. तो संमत व्हावा अशी विनंती करते.